जामसिंगच्या कमरेचा भोपळा

मित्रांनो, आधी पोटभर हसून घ्या. मी एक जुना भोपळा आहे. वाळका, काळपट, आणि पोटाला वीतभर तडा गेलेला. गुरुजी तुमच्या पाटीवर काढतात तो भोपळा निराळा. त्याची बदनामी माझ्या माथी मारू नका. मी आयुष्यात एकदाच परीक्षेला बसलो, आणि तेव्हा दोन माणसांचे जीव माझ्यावर टांगलेले होते.

माझा वेल भुरीबाईने लावला. सातपुड्यातला तिचा पाडा काठी गावापासून एका दिवसाच्या वाटेवर होता आणि खाली शहाद्याला पोचायला दीड दिवस लागत असे. तिची पहिली दोन मुलं वर्षाची व्हायच्या आतच गेली होती. तिसरी मुलगी झाली, रमिला, तीही अशक्त. तेव्हा भुरीबाईच्या नवऱ्याने, जामसिंगने, होळीला नवस बोलला: पोर जगू दे, मी पाच होळ्या नेम पाळीन.

हा नेम सोपा नसतो. होळीच्या आधीचे काही दिवस खाटेवर निजायचं नाही, बायकोला आणि मुलांना शिवायचं नाही, आणि सगळ्यात कडक म्हणजे अंगाला पाणी लागू द्यायचं नाही. प्यायचं तेसुद्धा वरून ओतलेलं, ओठाबाहेर थेंब न सांडता. अंगाला राख फासायची, कमरेला घुंगरं आणि वाळके भोपळे बांधायचे आणि काठी गावची मोठी होळी पेटेपर्यंत ते उतरवायचे नाहीत. अशा नवसकऱ्याला आमच्याकडे बुध्या म्हणतात. जामसिंगच्या कमरेला आम्ही सहा भाऊ होतो. मी सगळ्यात मोठा, म्हणून मागे मधोमध. आम्हालाही पाणी वर्ज्य. चुकून शिंतोडा उडाला तर पाड्याच्या पुजाऱ्याला सांगून, एक कोंबडं देऊन सुटका होई. जाणूनबुजून पाण्यात गेलं, की झालेल्या सगळ्या होळ्या वाया.

जामसिंग चारोळी आणि डिंक घेऊन शहाद्याच्या बाजाराला जाई. तिथे गफूर वस्तादांचा आखाडा होता, आणि दर पौषात ते एक दौड लावत. तांबडं फुटताना शहाद्याहून निघायचं, तापी ओलांडायची, कोरीटच्या विहिरीच्या काठाला हात लावायचा आणि परत यायचं. जाऊन-येऊन अठरा-एकोणीस कोस. बक्षीस म्हणजे एक पागोटं. त्या पागोट्यासाठी वीस-पंचवीस माणसं आपल्या पायांची चाळण करून घेत.

जामसिंग दौडीत उतरला त्या पहिल्याच वर्षी शेवटच्या चार कोसांत दोघेच पुढे उरले. एक जामसिंग, दुसरा युसुफ पिंजारी. युसुफ खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव गाद्यांचा कापूस पिंजत हिंडायचा, त्याचे पाय लोखंडाचे झाले होते. हा त्याला मागे टाकीना, तो याला सोडीना. युसुफ हातभर पुढे पोचला आणि तिथेच ओकला. जामसिंग शेजारी बसून त्याची पाठ चोळत राहिला. पुढच्या वर्षी जामसिंग जिंकला, आणि पाठ चोळायचं काम युसुफकडे आलं. मग दर बाजाराला जामसिंग परत निघाला की युसुफ डोंगराच्या पायथ्यापर्यंत त्याच्याबरोबर धावत येऊ लागला. दोघांना एकमेकांची घरची बोली धड येत नव्हती. बाजारातल्या मोडक्यातोडक्या अहिराणीवर त्यांचं भागत असे, आणि धावताना तर तेवढंही लागत नसे.

आता १९२७ सालाकडे येतो. त्या वर्षी वस्तादांचा पाय मोडला आणि दौड लांबत लांबत फाल्गुनात गेली. होळीला चार दिवस उरले होते. जामसिंगच्या नवसाची ती पाचवी, म्हणजे शेवटची होळी होती. रमिला पाच वर्षांची झाली होती. आणि नेमका तेव्हाच रमजान चालू होता.

दौडीच्या आदल्या दिवशी युसुफच्या ओट्यावर दोघांची जुंपली.

"यंदा तू नको धावू. तुन्हा नेम शे," युसुफ म्हणाला.

"तुन्हा बी रोजा शे. तूच नको धावू."

"तू नही धावस ते मी कोनासंगे धावू?"

"मी बी तेच म्हनस."

दोघेही हट्टाला पेटले. 'तू थांब, मी थांबतो' एवढं एक वाक्य कुणी म्हटलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण तेवढंच कुणाला सुचलं नाही. वस्ताद काठी टेकत आले आणि म्हणाले, "दोन्ही येडा शेतस." मग त्यांनी जामसिंगपुरती सवलत दिली: बाकीच्यांनी तापी उतारातून चालत ओलांडायची, जामसिंगने नावेतून.

सकाळी दौड सुटली. राख फासलेला, घुंगरं वाजवत धावणारा बुध्या बघून शहाद्याची पोरं खिदळली. मला त्याचं काही वाटलं नाही. मला भीती वाटत होती ती उन्हाची. तापीवर युसुफ कमरेएवढ्या पाण्यातून पार झाला आणि पलीकडे नाव लागेपर्यंत उभा राहिला. चार जण त्याला मागे टाकून गेले, तरी तो हलला नाही. नाव हाकणारे रेवजीबाबा त्याच्याकडे बघून नुसती मान हलवत होते.

कोरीटच्या विहिरीवर पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. सगळे पाण्यावर तुटून पडले. जामसिंग मात्र तोंड वर करून उभा राहिला, कारण त्याला वरून ओतणारा कुणीतरी हवा होता. लोटा युसुफने उचलला. पहाटेपासून ज्याच्या जिभेला थेंब लागला नव्हता, तो माणूस दोन्ही हातांनी लोटा धरून मित्राच्या तोंडात धार सोडत होता, एकही थेंब बाहेर जाऊ न देता.  मी मागे होतो, तरी मला त्या धारेचा आवाज ऐकू येत होता. त्याचे स्वतःचे ओठ फुटले होते.

परतीच्या वाटेवर युसुफ बोलेनासा झाला. त्याचा श्वास आधी तुटक आणि मग शिट्टीसारखा येऊ लागला. जामसिंगने दोनदा वेग कमी केला, आणि दोनदा युसुफने त्याला ढकलून पुढे काढलं. तापीवर पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता.

"नावमा बस," जामसिंग म्हणाला.

"नही. नाव तुन्हासाठे शे."

आणि तो पाण्यात उतरला. रेवजीबाबांनी नाव त्याच्या बाजूने घेतली. वीसेक हातांवर युसुफ चालत होता, कमरेपर्यंत पाण्यात. उताराच्या खालच्या अंगाला डोह होता. तो सगळ्यांना ठाऊक होता, युसुफलाही. पण मध्यावर आल्यावर त्याने कपाळाला हात लावला, दोन पावलं भलत्याच बाजूला टाकली आणि दिसेनासा झाला.

तो एकदा वर आला. तोंड उघडं होतं, पण ओरडला नाही. पुन्हा गेला.

रेवजीबाबांनी बांबू रोवून नाव वळवायला घेतली. नावेला वळायला वेळ लागतो. जामसिंग उभा राहिला. त्याला पोहता येत नव्हतं. डोंगरातल्या माणसाला पोहायला शिकवणार कोण? त्याचा हात मागे आला आणि माझ्यावर पडला. मला वाटलं, तो मला सोडून पाण्यात फेकणार. तसं केलं असतं तरी भोपळा पाण्याला लागलाच असता. पण माणूस कोरडा राहिला असता, आणि पुजाऱ्यापुढे काहीतरी बोलता आलं असतं. त्याची बोटं माझ्या दोरीची गाठ चाचपत होती. तेवढ्यात युसुफचा एक हात वर आला, नुसता हात, आणि तोही बुडाला.

जामसिंगने गाठ सोडली नाही. आम्हा सहाही जणांसकट त्याने उडी मारली.

मित्रांनो, मी पाच वर्षं कोरडा होतो. पाणी म्हणजे काय ते मी विसरलो होतो. ते सगळीकडून एकदम आलं. जामसिंग हातपाय झाडत होता आणि आम्ही सहा जण त्याला वर उचलत होतो. त्याने युसुफची मान पकडली, आणि घाबरलेला युसुफ त्याच्या कमरेला मिठी मारून बसला. दोघांचा भार आला. एक दोरी तुटली, दोन भाऊ निसटून वाहत गेले. दुसरी तुटली, आणखी दोघे गेले. युसुफची कोपरं माझ्या पोटावर दाबली गेली, आणि माझ्यातून टच्‌ असा आवाज आला. तडा गेला होता. पाणी आत शिरू लागलं. मी जड होत चाललो होतो, आणि मला एवढंच कळत होतं की मी बुडालो तर हे दोघेही बुडतील. मी तरंगत राहिलो. कसा, ते मला आजही सांगता येणार नाही. मग रेवजीबाबांचा बांबू आला आणि जामसिंगने तो धरला.

वाळूवर युसुफने पाणी ओकलं. डोळे उघडले तेव्हा त्याला आधी जामसिंगच्या अंगावरची धुऊन गेलेली राख दिसली, आणि तो रडू लागला.

"मन्हा रोजा तुटना, तो मी ईदनंतर परत धरसू," तो म्हणाला. "एक दिवसनं काम शे. तुन्हा नेमनं काय व्हई?"

 जामसिंगने मला उलटं करून पाणी ओतून टाकलं आणि पुन्हा कमरेला बांधलं. पागोटं त्या वर्षी कुणा तिसऱ्यालाच मिळालं.

पाड्याकडे दोघे मिळून निघाले. वाटेत युसुफ एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता.

"तू सांगजो, पाय घसरना. नाव डुलनी, तू पडना. एक कोंबडं देसूत. रेवजीबाबा बी तेच सांगतीन."

"पाय नही घसरना."

"तुन्ही पोर शे, जामसिंग."

त्यावर जामसिंग पुढची टेकडी एका दमात चढून गेला.

पाड्यावर भीमसिंग पुजारा होता, वयाने मोठा आणि शब्दाचा पक्का. अंगणात माणसं जमली. डोंगरातली बोली तुम्हाला कळायची नाही, म्हणून तिथलं बोलणं मी तुमच्या मराठीत सांगतो. पुजाऱ्याने माझ्या तड्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "पाणी लागलं, की लावलं?"

रमिला दाराच्या आडून बघत होती. भुरीबाई तिच्यामागे उभी होती, दोन्ही हात पोरीच्या खांद्यांवर घट्ट दाबून. एक शब्द पुरेसा होता. 'लागलं' म्हटलं की पाचवी होळी परवा पेटली असती आणि नवस फिटला असता. युसुफला बोली समजली नाही, पण प्रश्न समजला. तो पुढे झाला. "मीच त्याले पानीमा वढी लिधं," तो म्हणाला. पुजाऱ्याने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"मी याला विचारतोय."

जामसिंगने युसुफला बाजूला केलं. 

"पडलो नाही," तो म्हणाला. "उडी मारली."

 पुजाऱ्याने माझ्यावरचं बोट काढून घेतलं. त्यालाही हा निवाडा नको होता, हे मी खात्रीने सांगतो. पण नेम तो नेम. "मग पुढच्या वर्षापासून पाच होळ्या पुन्हा," तो म्हणाला.

घरात गेल्यावर भुरीबाईने विचारलं, "तुझा दोस्त वाचला. माझी पोर वाचेल का, ते सांग."

जामसिंग म्हणाला, "पडलो म्हटलं असतं, तर मी त्याला वाचवलं नाही असं झालं असतं. मग मी त्याच्याबरोबर पुन्हा कोणत्या तोंडाने धावू?"

"मी पोरीचं विचारलं," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली. युसुफ दुसऱ्या दिवशी खाली गेला. त्याने निरोप घेतला, तेव्हा ती वर बघायलासुद्धा तयार नव्हती. खरं सांगू का, मला तिचा राग आला नाही.

पुढच्या वर्षी होळी जवळ आली तेव्हा तिनेही नेम धरला. एकट्याचा कमी पडला, आता दोघांचा असू दे, असं तिचं म्हणणं. पण मग रमिलाला शिवणार कोण? तिला जेवू घालणार कोण, वेणी कोण घालणार? पाड्यावरचे सगळे होळीच्या तयारीत. तेवढ्यात युसुफ घामाने निथळत वर आला. शहाद्याहून दीड दिवसाची वाट त्याने धावत एका दिवसात काढली होती. "पोर मी सांभाळसू," तो म्हणाला.

भुरीबाईला दुसरा इलाज नव्हता. ज्या माणसामुळे नवस मोडला, त्याच माणसाच्या हाती पोर द्यावी लागली. ती चार हातांवरून त्याच्यावर नजर ठेवून असे. रमिलाची वेणी तो कापसाचा पेळू वळावा तशी वळायचा. ती वाकडीच व्हायची, आणि रमिला हसायची. त्या वर्षीही होळी रमजानातच आली होती. तो रोजे धरून भाकऱ्या भाजत होता, पोरीला भरवत होता. तिसऱ्या दिवशी पहाटे, रोजा सुरू व्हायच्या आधी, तो उठला, तर पुढ्यात झाकलेली भाकरी आणि लोटाभर पाणी. भुरीबाई ठेवून निघूनही गेली होती. बोलली मात्र नाही.

असा तो दर होळीला येत राहिला. दुसरी झाली, तिसरी झाली, चौथी झाली. मला डिंक आणि राखेने सांधून जामसिंगने कमरेलाच ठेवलं. तडा गेलेला भोपळा चालत नाही, असं लोक म्हणाले. हा नसेल तर मीही नाही, असं तो म्हणाला.

पाचव्या होळीच्या आठवड्यात रमिलाला गोवर निघाला. दहा वर्षांची पोर तापाने फणफणली. आणि नवस फिटताना पोर होळीपुढे हजर हवी. नाहीतर पाच होळ्या पुन्हा वाया. होळीच्या आदल्या सकाळी युसुफने तिला पाठीवर बांधून घेतली आणि काठीची वाट धरली. पुढे जामसिंग आणि भुरीबाई, मागे तो. आईबापांना शिवता येत नव्हतं. मी जामसिंगच्या पाठीशी होतो, माझं तोंड मागे. त्यामुळे त्या दोघांना जे दिसत नव्हतं, ते मला दिसत होतं. पोरीची मान युसुफच्या खांद्यावर लोंबकळत होती.

पाच वर्षांचा अबोला भुरीबाईने त्या वाटेवर मोडला. मागे न बघता तिने अहिराणीत विचारलं, "श्वास लेई ऱ्हायनी का?"

"लेई ऱ्हायनी, भाभी."

प्रत्येक चढावर तिने तेच विचारलं आणि त्याने तेच उत्तर दिलं. दुपारी एका घाटात त्याचे गुडघे टेकले. जामसिंग थबकला, मागे वळला, आणि हात पुढे करता करता थांबला. त्याला हात लावता येत नव्हता, कारण युसुफच्या पाठीवर ती होती.  मग जामसिंग जागच्या जागी पाय आपटू लागला, दौडीत धावतात त्या तालावर. घुंगरं वाजू लागली. युसुफने त्या तालावर एक पाय उचलला, मग दुसरा.

"श्वास लेई ऱ्हायनी का?"

या वेळी उत्तर यायला वेळ लागला. युसुफने मान वळवून पोरीच्या नाकाशी गाल नेला. माझ्यातल्या उरल्यासुरल्या बिया घुंगरांबरोबर खुळखुळत होत्या, आणि त्या थांबाव्यात असं मला वाटत होतं.

"लेई ऱ्हायनी."

पहाटे काठीची होळी पेटली. उंच बांबू जळत कलला आणि लोकांनी आरोळी दिली. नेम संपला. युसुफने पाठीवरची गाठ सोडली. ताप उतरला नव्हता, पण पोर जागी होती. भुरीबाईने तिला इतकी घट्ट धरली की रमिला म्हणाली, "आई, दुखतंय." जामसिंगने युसुफला खाली बसवलं आणि त्याची पाठ चोळू लागला.

मित्रांनो, आता मी जामसिंगच्या घरातल्या शिंक्यात असतो. माझ्यात काकडीचं बियाणं ठेवतात. रमिलाचं लग्न होऊन तिला दोन लेकरं झाली आहेत. घरातली सांधलेली वस्तू टाकून देण्याआधी ती कशाने फुटली ते एकदा विचारत जा, एवढंच माझं तुमच्याकडे मागणं आहे.

त्या पहाटे युसुफ निघाला तेव्हा भुरीबाई वाटेपर्यंत गेली. पोर कडेवर होती, आता ती कुणालाही शिवू शकत होती. तिने युसुफच्या डोक्यावरची राख पुसली आणि म्हणाली, "पुढला साल बी येजो, युसुफभाऊ. आते काही काम नही. तरी येजो."

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. तो एकदाही चुकलेला नाही.